पोच आली नाही तर?

२९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रापुढे बसला होता. तेथून सुमारे पाचशे किलोमीटर अंतरावर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, बिल डुव्हॉल हा तंत्रज्ञ दुसऱ्या संगणकापाशी होता. ‘आर्पानेट’ नावाच्या नव्या जाळ्याने हे दोन संगणक जोडले होते. क्लाइनला ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द एकेक अक्षर करून पलीकडे पाठवायचा होता. त्याने ‘एल’ हे अक्षर दाबले आणि टेलिफोनवरून विचारले, की एल पोचले का? पलीकडून उत्तर आले, की पोचले. मग त्याने ‘ओ’ दाबले. तेही पोचले. ‘जी’ची पाळी आली आणि पलीकडची संगणकप्रणालीच कोलमडली! दुरुस्ती करून सुमारे तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो यशस्वी झाला.

पुढे ज्यातून इंटरनेट वाढले त्या जाळ्यावरचा हा पहिला संदेश. परंतु आपले लक्ष आज त्या संदेशाकडे नाही, टेलिफोनकडे आहे. अक्षर पाठवून क्लाइन गप्प बसला नाही. ते पोचले की नाही हे त्याने लगेच विचारून घेतले. आर्पानेटमधील यंत्रांचीही आपापसांत अशी विचारपूस करण्याची सोय होतीच. पण माणसांचा भरवसा त्या रात्री टेलिफोनवर होता. कारण टेलिफोनची तार वेगळी होती.

आता विद्यार्थिमित्रांनो, असे समजा की टेलिफोन नाही. जी तार संदेश नेते तीच एकमेव तार आहे, आणि ती तर बेभरवशाची! अशा वेळी संदेश पोचला हे कळावे कसे? आणि काहीच उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ काय लावावा?

पाकिटे हरवतात कशी?

संगणकाच्या जाळ्यातून मोठा मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडतात. एकेका तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घालून तो तुकडा रवाना करतात. या तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात. आपण त्याला आपले ओळखीचे ‘पाकीट’च म्हणू या. वाटेत ठिकठिकाणी ‘राउटर’ नावाची यंत्रे असतात. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करणारा माणूस जे काम करतो तेच काम हे राउटर करतात. पाकीट आले, पत्ता पाहिला, योग्य त्या तारेवर पुढे ढकलले. तार मोकळी नसेल तर पाकीट रांगेत ठेवले. पण रांगेलाही मर्यादा असते. ती भरली की येणारे पाकीट राउटर सरळ टाकून देतो, आणि सहसा कोणाला तसे कळवतही नाही.

हरवण्याखेरीज आणखीही घोटाळे होतात. विजेच्या किंवा रेडिओच्या गोंगाटामुळे मजकुरातला एखादा अंक बदलतो. त्यासाठी प्रत्येक पाकिटात मजकुरावरून काढलेली एक बेरीज लिहिलेली असते. घेणारा ती बेरीज पुन्हा करतो. जुळली नाही तर पाकीट फेकून देतो. म्हणजे बिघडलेले पाकीट हे हरवलेल्या पाकिटासारखेच झाले! शिवाय निरनिराळ्या वाटांनी गेलेली पाकिटे मागेपुढे पोचतात, ती वेगळीच.

पोच, मुदत आणि फेरपाठवणी

यावरचा उपाय आपल्या टपालखात्याला फार पूर्वीपासून ठाऊक होता. रजिस्टर पत्राला जोडलेले पोचपावतीचे कार्ड तुमच्या शिक्षकांनी नक्की पाहिले असेल. पत्र घेणाऱ्याने त्यावर सही करायची आणि ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत यायचे. संगणकही तेच करतात. पाकीट मिळाले की घेणारा संगणक उलट दिशेने एक छोटे पाकीट पाठवतो: ‘मिळाले’. हीच पोच.

पाठवणारा पाकिटाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि घड्याळ लावून बसतो. ठरलेल्या मुदतीत पोच आली तर प्रत पुसून टाकतो. न आली तर तेच पाकीट पुन्हा पाठवतो.

या युक्तीचा एक सुंदर उपयोग हवाई बेटांवर झाला. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ नावाचे रेडिओचे जाळे सुरू केले. निरनिराळ्या ठिकाणचे वापरणारे होनोलुलू येथील मुख्य संगणकाकडे एकाच रेडिओ-लहरीवरून पाकिटे पाठवत. दोघांनी एकाच वेळी पाठवले की दोन्ही पाकिटे एकमेकांत मिसळून निकामी होत. पोच येत नसे. मग दोघेही थोडे थांबून पुन्हा पाठवत. पण थांबायचे किती? दोघे सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच! म्हणून जणू चिठ्ठी काढल्याप्रमाणे प्रत्येकाने आपापला वाटेल तेवढा वेळ थांबायचे, असा नियम केला. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन माणसे एकदमच बाजूला होतात व पुन्हा एकमेकांपुढे येतात, तसे होऊ नये म्हणून ही योजना.

गप्प बसण्याचे दोन अर्थ

येथवर सगळे सोपे वाटते. पण नीट विचार करा. मुदत संपली आणि पोच आली नाही. काय झाले असेल? एक, पाकीट वाटेत हरवले. दोन, पाकीट व्यवस्थित पोचले, पण परत येणारी पोच हरवली! पोच हेसुद्धा एक पाकीटच आहे. तिला कोणी वेगळी सुरक्षित वाट दिलेली नाही.

पाठवणाऱ्याला हे दोन प्रसंग ओळखता येत नाहीत. दोन्हींत त्याला दिसते ती फक्त शांतता. पहिल्या प्रसंगात त्याने पुन्हा पाठवलेच पाहिजे, नाहीतर मजकुराला भोक पडेल. दुसऱ्या प्रसंगात पुन्हा पाठवले तर घेणाऱ्याकडे तोच मजकूर दोनदा जाईल. बँकेकडे ‘शंभर रुपये द्या’ हा निरोप दोनदा गेला तर काय होईल, हे सांगायला नको.

मग करायचे काय? पाकिटावर अनुक्रमांक घालायचा. शंका आली की पाठवणाऱ्याने बेलाशक पुन्हा पाठवावे. क्रमांक पाहून घेणारा ओळखतो, की हे तर आधीच मिळाले आहे. तो दुसरी प्रत टाकून देतो, पण पोच मात्र पुन्हा देतो. ही शेवटची गोष्ट विसरायची नाही. ‘आधीच मिळाले आहे’ म्हणून तो गप्प राहिला, तर पाठवणारा बिचारा जन्मभर पाठवतच बसेल!

असे क्रमांक किती लागतात? एका वेळी एकच पाकीट पाठवायचे आणि त्याची पोच आल्यावरच पुढचे, असे ठरवले आणि पाकिटे वाटेत मागेपुढे होत नसली, तर फक्त दोन क्रमांक पुरतात: ० आणि १. पहिल्या पाकिटावर ०, दुसऱ्यावर १, तिसऱ्यावर पुन्हा ०. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील बार्टलेट, स्कँटलबरी आणि विल्किन्सन या तिघांनी १९६९ मध्येच ही पद्धत मांडली होती.

खिडकी

परंतु एकेक पाकीट पाठवून वाट पाहणे फार संथ आहे. हिशेबच करू या. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तरी सुमारे १२,५०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला ०.०६२५ सेकंद आणि पोच यायला तितकेच. एकूण सेकंदाचा आठवा भाग. एका पाकिटात बहुधा १४६० बाइट मजकूर मावतो. एक छायाचित्र ५० लाख बाइटचे असेल तर ३,४२५ पाकिटे होतील. दर सेकंदाला आठ या गतीने त्यांना सात मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तार कितीही वेगवान आणा, हा वेळ कमी होणार नाही. कारण तो तारेत जात नाही, वाट पाहण्यात जातो.

त्याऐवजी पोचेची वाट न पाहता १०० पाकिटे एकामागून एक सोडली तर? मग ३५ खेपांत काम होते. साडेचार सेकंदही लागत नाहीत. पोच यायची बाकी असलेली जास्तीत जास्त किती पाकिटे वाटेत असू द्यायची, या संख्येला ‘खिडकी’ म्हणतात. जुन्या पाकिटाची पोच आली, की खिडकी एक घर पुढे सरकते आणि नवे पाकीट सुटते.

व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही सारी यंत्रणा एकत्र आली. जाळे पाकिटे हरवणारच असे धरून चालावे आणि खात्री करून घेण्याचे काम दोन टोकांच्या संगणकांनी करावे, हा विचार फ्रान्समधील लुई पूझँ यांच्या ‘सिक्लाद’ या जाळ्यातही होता. सर्फ आणि कान यांच्या योजनेतून ‘टीसीपी’ नावाची नियमावली तयार झाली. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने ती स्वीकारली, आणि आजही इंटरनेटवरचे पुष्कळसे दळणवळण तिच्याच आधारे चालते.

टीसीपी पाकिटांना नव्हे, तर प्रत्येक बाइटला क्रमांक देते. आणि पोचेत ‘मला हे मिळाले’ असे न म्हणता ‘मला आता यापुढचे हवे’ असे म्हणते. समजा, हजार-हजार बाइटची पाच पाकिटे निघाली. पहिले पोचले, पोच आली ‘१००१ पाहिजे’. दुसरे हरवले. तिसरे, चौथे, पाचवे पोचले. पण घेणारा प्रत्येक वेळी म्हणतो, ‘१००१ पाहिजे’, ‘१००१ पाहिजे’, ‘१००१ पाहिजे’! तीच पोच पुन्हा तीनदा आली की पाठवणारा ओळखतो, की दुसरे पाकीट गेले. घड्याळाची मुदत संपायची वाट न पाहता तो ते लगेच पुन्हा पाठवतो. ते पोचताच पुढची पोच येते, ‘५००१ पाहिजे’. एका पोचेत पाचही पाकिटांचा हिशेब मिटला.

याचा दुसरा फायदा तुमच्या लक्षात आला का? मधली एखादी पोच हरवली तरी बिघडत नाही. पुढची पोच आली की तिच्यात मागच्या सगळ्या आल्याच.

शांततेचा तिसरा अर्थ

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत एक विचित्र प्रकार घडला. बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामध्ये अंतर होते अवघे ४०० यार्ड, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या थोडे वर. त्यांच्यामधील दळणवळणाची गती सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरली! आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच इंग्रजी अक्षरे. त्यापेक्षा कागद हातात घेऊन धावत गेले असते तर लवकर पोचले असते.

कारण काय? कोणतीही तार तुटली नव्हती. राउटरांपुढच्या रांगा लांबल्या होत्या, त्यामुळे पोच उशिरा येत होत्या. पाठवणाऱ्यांची मुदत संपत होती. ‘हरवले वाटते’ असे समजून ते तीच पाकिटे पुन्हा पाठवत होते. त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती, पोच आणखी लांबत होत्या. हरवलेल्या पाकिटाच्या काळजीनेच बाकीची पाकिटे हरवत होती.

त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्यासह याचा अभ्यास केला आणि १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. पोच न येण्याचा अर्थ ‘रस्त्यावर गर्दी आहे’ असा घ्यावा, हे त्याचे सार. पाकीट हरवले की खिडकी एकदम लहान करायची. पोच सुरळीत येऊ लागल्या की ती हळूहळू रुंद करायची. पोच यायला सरासरी किती वेळ लागतो आणि त्यात चढउतार किती होतात हे मोजत राहायचे, आणि त्यावरून मुदत ठरवायची. पुन्हा पाठवूनही पोच आली नाही, तर दर खेपेला मुदत दुप्पट करायची: १ सेकंद, २, ४, ८. जगभरचे कोट्यवधी संगणक कोणाच्याही हुकमाविना एकमेकांना वाट देतात, ते अशा नियमांमुळे.

दोन सेनापती

आता एक कूटप्रश्न. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाचे दोन सेनापती आहेत. मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तर विजय. एकट्याने केला तर सर्वनाश. निरोप्याला दरीतूनच जावे लागते आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिल्याने निरोप धाडला, ‘उद्या पहाटे हल्ला’. दुसऱ्याने पोच पाठवली. पण ती पोचली की नाही, हे त्याला कसे कळणार? म्हणून पहिल्याने पोचेची पोच पाठवली. तिचीही पोच नको का? मग हे थांबणार कोठे?

कोठेच थांबत नाही, आणि ते सिद्ध करता येते. समजा, काही निरोपांत दोघांची पक्की खात्री होते, आणि अशी सर्वांत छोटी योजना आपण निवडली. तिच्यातला शेवटचा निरोप हरवू शकतो; तरीही योजना यशस्वी व्हायलाच हवी. म्हणजे शेवटच्या निरोपाची गरजच नव्हती! मग तो काढून टाकला तर योजना आणखी छोटी झाली. पण आपण तर सर्वांत छोटी निवडली होती. ही विसंगती आहे. म्हणून अशी योजनाच अशक्य. हा प्रश्न १९७५ मध्ये एका शोधनिबंधात दोन टोळ्यांच्या रूपात मांडला गेला. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला सेनापतींचे नाव दिले.

मग संगणकांचे काम चालते कसे? त्यांची मागणी लहान आहे म्हणून. दोघांनी एकाच क्षणी काही करावे असा आग्रह नाही. पाठवणाऱ्याला फक्त ‘पोचले’ एवढे कळले की झाले, आणि न कळले तर तो पुन्हा पाठवू शकतो. आपल्या साऱ्या चर्चेचे सार एवढेच आहे: पोच आली म्हणजे पाकीट नक्की पोचले; पण पोच आली नाही म्हणजे पाकीट पोचले नाही, असे मात्र नव्हे.

पोच दिली कोणी?

पोच आली तरी एक गोष्ट तपासायची राहतेच: ती कोणी दिली? शिपायाने पत्र घेऊन सही केली म्हणजे मुख्याध्यापकांनी ते वाचले असे होत नाही. टीसीपीच्या सप्टेंबर १९८१ च्या नियमपत्रातच स्पष्ट केले आहे, की तिची पोच म्हणजे मजकूर वापरणाऱ्याच्या हाती पडल्याची हमी नव्हे. पलीकडच्या संगणकावरील टीसीपीने तो पोचता करण्याची जबाबदारी घेतली, इतकाच तिचा अर्थ. व्हॉट्सअॅपवर संदेशाखाली एक खूण दिसते तेव्हा तो निघालेला असतो, दोन खुणा दिसल्या की समोरच्याच्या फोनवर उतरलेला असतो, आणि त्या निळ्या झाल्या की उघडलेला असतो. या तीन वेगवेगळ्या पोच आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

पैशांच्या बाबतीत तर हे ध्यानात ठेवायलाच हवे. यूपीआयने दुकानदाराला पैसे पाठवताना पडदा फिरत राहिला आणि उत्तर आले नाही, तर पैसे गेले नाहीत असे समजू नका. पाठवायचे बटण नव्याने दाबले की त्या व्यवहाराला नवा क्रमांक मिळतो, आणि क्रमांक वेगळा असल्यामुळे बँकेच्या दृष्टीने तो दुसराच व्यवहार ठरतो. म्हणून आधी पहिल्या व्यवहाराचे काय झाले ते पाहावे, मगच दुसरा करावा.

सर्वच ठिकाणी पोच हवी असते, असेही नाही. फोनवरील संभाषणात एखादा शब्दाचा तुकडा हरवला, तर तो दोन सेकंदांनी मिळून काय उपयोग? अशा कामी बहुधा ‘यूडीपी’ नावाची, पोच न मागणारी नियमावली वापरतात.

वर्गात करून पाहा

दहा शब्दांचे एक वाक्य घ्या आणि एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर लिहा. एक विद्यार्थी पाठवणारा, एक घेणारा आणि एक पोस्टमन. पोस्टमनने प्रत्येक फेरीला, मग ती चिठ्ठीची असो की पोचेची, फासा टाकावा. १ किंवा २ पडले तर हातातली चिठ्ठी गुपचूप खिशात घालावी. पाठवणाऱ्याने दहापर्यंत अंक मोजावेत. तोवर पोच आली नाही तर त्याच शब्दाची नवी चिठ्ठी द्यावी. पोच आल्यावरच पुढचा शब्द घ्यावा.

पहिल्या खेळात चिठ्ठ्यांवर क्रमांक घालू नका. घेणाऱ्याने मिळेल तो शब्द क्रमाने लिहावा. वाक्य कसे होते ते पाहा! चिठ्ठी पोचण्याची शक्यता २/३ आणि पोच परत येण्याची २/३. दोन्ही घडण्याची ४/९. म्हणून एका शब्दासाठी सरासरी ९/४ वेळा पाठवावे लागेल, आणि त्यांतल्या दोनतृतीयांश चिठ्ठ्या पोचतील. म्हणजे दहा शब्दांच्या वाक्याचे घेणाऱ्याच्या वहीत सरासरी पंधरा शब्द होतील. दुसऱ्या खेळात चिठ्ठ्यांवर आणि पोचांवर क्रमांक घाला. पोस्टमन तेवढाच खोडकर राहील, फासाही तोच असेल. पण वहीत दहाच शब्द उतरतील, आणि तेही योग्य क्रमाने.